श्वासाचे माप आणि ‘सामान्य’ फुफ्फुस : श्वसनमापनाच्या इतिहासाचा महाराष्ट्राच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या छातीविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात आज फुंकण्याची चाचणी करून घेणाऱ्या रुग्णाच्या हाती जो छापील अहवाल पडतो, त्यात साधारणतः तीन रकाने असतात. पहिल्या रकान्यात रुग्णाने प्रत्यक्ष फुंकलेल्या हवेचे माप असते. दुसऱ्या रकान्यात ‘अपेक्षित’ माप असते, तर तिसऱ्यात पहिल्याचे दुसऱ्याशी असलेले शेकडा प्रमाण. रुग्णाचे व बहुधा त्याच्या कुटुंबीयांचेही लक्ष तिसऱ्या रकान्यावर खिळते, कारण फुफ्फुस निरोगी की रोगग्रस्त याचा निर्णय तेथे दिसतो. पहिला रकाना यंत्राने मोजलेला असतो. दुसरा मात्र कोणीही मोजलेला नसतो. रुग्णाचे वय, उंची व लिंग एका समीकरणात घालून तो काढलेला असतो आणि ते समीकरण कोठल्यातरी देशातील, कोणत्यातरी काळातील ‘निरोगी’ मानलेल्या माणसांवरून तयार झालेले असते.

ही माणसे कोण होती, त्यांना निरोगी कोणी ठरविले, त्यांच्या मापाने महाराष्ट्रातील माणसाचा श्वास तोलणे कितपत न्याय्य आहे, हे प्रश्न वरकरणी वैद्यकाचे वाटतात. परंतु त्यांची उत्तरे इतिहासात शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात श्वसनमापनाच्या इतिहासाचा मागोवा घेऊन, त्यात महाराष्ट्रातील संशोधकांनी व संस्थांनी केलेल्या कार्याचे स्थान निश्चित करण्याचा, आणि ‘सामान्य’ या संकल्पनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

चाचणीचे स्वरूप

इतिहासाकडे वळण्यापूर्वी चाचणीचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. छाती पूर्ण भरून घेतलेला श्वास माणसाने सर्व शक्तीनिशी, शेवटपर्यंत बाहेर सोडला असता जी एकूण हवा बाहेर पडते, तिला ‘फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी’ किंवा संक्षेपाने एफ.व्ही.सी. असे म्हणतात. त्यापैकी पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेली हवा म्हणजे एफ.ई.व्ही.-१. निरोगी प्रौढ माणूस साधारणतः तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक हवा पहिल्याच सेकंदात सोडतो. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील, म्हणजे दमा किंवा धूम्रपानजन्य दीर्घकालीन विकार असेल, तर हवा हळूहळू बाहेर पडते आणि या दोहोंचे गुणोत्तर घटते. फुफ्फुसेच आकसली असतील तर दोन्ही मापे कमी होतात, गुणोत्तर मात्र टिकून राहते. पहिल्या प्रकाराला अवरोधात्मक व दुसऱ्याला संकोचात्मक दोष असे म्हटले जाते.

या चाचणीचे एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. रक्तातील साखर रुग्णाच्या इच्छेवाचून मोजता येते. श्वास मात्र रुग्णाने मनापासून फुंकल्यावाचून मोजता येत नाही. तंत्रज्ञाने रुग्णाच्या भाषेत दिलेली सूचना, त्याने दिलेले प्रोत्साहन, रुग्णाची समज व त्याची भीड या सर्वांचा परिणाम आकड्यावर होतो. म्हणूनच एका फुंकरीवर विसंबून न राहता किमान तीन स्वीकारार्ह फुंकरी घेण्याचा व त्या एकमेकींशी जुळतात का हे पाहण्याचा दंडक आहे. उंची विचारून न घेता मोजावी लागते. पाठीला बाक आलेल्या वृद्धांच्या बाबतीत पसरलेल्या हातांच्या लांबीवरून ती अजमावावी लागते. हे तपशील क्षुल्लक वाटले तरी ‘अपेक्षित’ माप उंचीवरच उभे असल्याने येथील चूक थेट निदानापर्यंत पोहोचते.

हचिन्सनचे यंत्र आणि सरासरीचा शोध

या शास्त्राचा पाया घातला तो जॉन हचिन्सन (१८११-१८६१) या इंग्रज शल्यवैद्याने. त्याचा विस्तृत निबंध १८४६ मध्ये लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाण्यात उपडे ठेवलेले, वजनांनी तोललेले एक भांडे आणि त्यात नळीवाटे सोडलेला श्वास, असे त्याच्या यंत्राचे स्वरूप होते. भांडे जितके वर उचलले जाई तितकी हवा. ‘स्पायरोमीटर’ हे यंत्राचे व ‘व्हायटल कपॅसिटी’ हे मापाचे नाव त्यानेच रूढ केले.

हचिन्सनने २१३० जणांचा श्वास मोजला. त्यांत खलाशी होते, अग्निशामक दलातील माणसे व पोलिस होते, सैनिक होते, मुष्टियोद्धे होते, दरिद्री लोक होते आणि सभ्य गृहस्थही होते. या आकडेवारीतून त्याला एक नियम सापडला. पाच फुटांवर उंचीच्या प्रत्येक इंचामागे व्हायटल कपॅसिटी सुमारे ८ घनइंचांनी, म्हणजे अंदाजे १३० मिलिलिटरने वाढते. वय वाढते तशी ती घटते, असेही त्याला आढळले. क्षयरोगाच्या प्रारंभी, छातीला नळी लावून काही ऐकू येण्यापूर्वीच, हे माप घसरलेले दिसते, असा त्याचा दावा होता.

या शोधाचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने ‘सरासरी माणसा’ची कल्पना १८३५ मध्ये मांडली होती. हचिन्सननेही आपले आरंभीचे निष्कर्ष १८४४ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ठेवले होते. आयुर्विमा कंपन्यांना विमेदाराच्या आयुष्याचा अंदाज हवा होता, तर लष्कराला भरतीसाठी निकष हवा होता. श्वासाचे माप हे आरंभापासूनच निव्वळ वैद्यकीय नव्हते. माणसांची प्रतवारी लावण्याच्या गरजेतून ते वाढले.

प्रतवारीकडून वर्णभेदाकडे

या प्रतवारीची पुढची पायरी अमेरिकेत घडली. दक्षिणेकडील गुलामगिरीचा पुरस्कर्ता वैद्य सॅम्युएल कार्टराइट याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्पायरोमीटर वापरून कृष्णवर्णीयांची फुफ्फुसक्षमता श्वेतवर्णीयांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याचा उपयोग गुलामगिरीच्या समर्थनासाठी केला. यादवी युद्धानंतर बी. ए. गुल्ड याने १८६९ मध्ये सैनिकांच्या मापांचा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला. त्यातही असाच फरक दिसला. युद्धकाळातील व त्यापूर्वीच्या गुलामगिरीतील उपासमार, निवारा, श्रम आणि आजार यांचा हिशेब मात्र त्यात मांडला गेला नाही. विमा कंपनीसाठी काम करणाऱ्या फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये याच आकड्यांच्या आधारे कृष्णवर्णीय समाज निसर्गतःच दुर्बल असल्याचा निष्कर्ष काढला. लंडी ब्राउन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या साऱ्या परंपरेची साक्षेपी मांडणी केली आहे.

या इतिहासातून एक तात्त्विक मुद्दा पुढे येतो. दोन समूहांच्या मापांत फरक आढळणे ही नोंद आहे. तो फरक जन्मजात आहे असे म्हणणे हा अर्थ आहे. नोंद आणि अर्थ यांतील अंतर पुसले गेले की परिस्थितीने केलेली हानी निसर्गाच्या नावे खपून जाते.

महाराष्ट्रातील प्रयत्न : दोन धारा

महाराष्ट्रात श्वासाच्या मापनाच्या दोन स्वतंत्र धारा दिसतात. पहिली योगाभ्यासाच्या शास्त्रीय चिकित्सेची व दुसरी आधुनिक रुग्णालयीन वैद्यकाची.

पहिल्या धारेचे उगमस्थान पुण्यापासून जवळच असलेले लोणावळे होय. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत शरीरांतर्गत दाब कसा बदलतो, प्राणायामात प्राणवायू किती शोषला जातो, अशा प्रश्नांचा यंत्रांच्या साहाय्याने शोध घेण्याचे काम तेथे सुरू झाले. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत कुवलयानंदांनी आपल्या प्रयोगांच्या आधारे स्वीकारली नाही; प्राणायामाचे मोल अन्यत्र शोधावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती. स्वतःला प्रिय असलेल्या विद्येविषयी प्रतिकूल भासणारा निष्कर्षही छापणे, हे त्या काळी लहान धैर्य नव्हते. त्रावणकोरचे के. टी. बेहनन हे येल विद्यापीठाचे संशोधक १९३० च्या दशकात लोणावळ्यास येऊन शिकले. त्यांच्या १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, प्राणायाम चालू असताना प्राणवायूचा वापर उज्जायीत २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के व कपालभातीत १२ टक्के वाढल्याची नोंद आहे. श्वसनाच्या स्नायूंचे श्रम वाढले की प्राणवायूचा खर्चही वाढणारच. त्यामुळे मापांतील मतभेदाइतकाच त्यांच्या अर्थाचा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. पुढे १९७० मध्ये कैवल्यधामातील भोळे, करंबेळकर व घरोटे यांनी योगाभ्यासाचा व्हायटल कपॅसिटीवरील परिणाम तपासून प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले.

दुसऱ्या धारेचा आरंभ मुंबईत झाला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्रमुख डॉ. सोहनलाल भाटिया यांनी १९२९ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये व्हायटल कपॅसिटीवर लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांतच मद्रास प्रांतातही विद्यार्थ्यांची व स्त्रियांची अशी मापे घेतली गेली. भारतीयांची सरासरी पाश्चात्त्य सरासरीपेक्षा कमी भरते, हे या काळापासून वारंवार नोंदले गेले. प्रश्न असा उभा राहिला की, भारतीय फुफ्फुस मुळातच लहान मानायचे, की पाश्चात्त्य माप लावणेच गैर मानायचे.

के. ई. एम. रुग्णालय आणि भारतीय प्रमाणके

या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचे काम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’मध्ये १९७७ साली त्यांनी भारतीय प्रमाणके व ती काढण्याची समीकरणे प्रसिद्ध केली आणि १९८२ मध्ये ‘लंग इंडिया’च्या पहिल्या खंडात भारतीय प्रौढांच्या फुफ्फुसकार्याचा अभ्यास मांडला. मुंबईतच डॉ. फारुख उडवाडिया व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निरोगी भारतीयांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पश्चिम भारतातील प्रयोगशाळांना यामुळे प्रथमच घरचे माप उपलब्ध झाले.

हे काम केवळ अभ्यासकाच्या कुतूहलातून झाले नव्हते. मुंबईच्या कापडगिरण्यांतील पिंजण व कताई खात्यांत कापसाची धूळ श्वासावाटे जाऊन ‘बायसिनोसिस’ हा विकार जडतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर येताच छाती आवळल्यासारखी होते, हे त्याचे ठळक लक्षण. कामतांच्या गटाने गिरणी कामगारांतील या विकाराचाही अभ्यास केला. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसविकाराचा समावेश होता. परंतु भरपाईसाठी फुफ्फुसाची हानी सिद्ध करावी लागते आणि ती सिद्ध होते ‘अपेक्षित’ मापाशी केलेल्या तुलनेने.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर हाच प्रश्न अधिक तीव्रतेने समोर आला. कामत व सहकाऱ्यांनी वायुबाधितांच्या फुफ्फुसकार्याची निरीक्षणे १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. सामान्यतः गरीब वस्तीतील माणसाच्या श्वासाचे दुर्घटनेपूर्वीचे माप कोणी घेऊन ठेवलेले नसते. अशा वेळी त्याचे फुफ्फुस किती निकामी झाले हे सांगण्यास प्रमाणकावाचून दुसरा आधार उरत नाही.

मापाचा न्याय : एक उदाहरण

प्रमाणकाच्या निवडीने काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या पुरुषाची एफ.व्ही.सी. ३.० लिटर व एफ.ई.व्ही.-१ २.४ लिटर आहे असे समजू. परक्या समीकरणाने त्याची अपेक्षित एफ.व्ही.सी. ४.० लिटर निघाली, तर त्याचे प्रमाण ७५ टक्के भरते आणि ८० टक्क्यांच्या रूढ मर्यादेनुसार तो रोगी ठरतो. स्थानिक समीकरणाने अपेक्षित माप ३.३ लिटर निघाले, तर प्रमाण सुमारे ९१ टक्के होते आणि तोच माणूस निरोगी ठरतो. श्वास तोच, यंत्र तेच. निर्णय मात्र उलट.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. या माणसाचे गुणोत्तर २.४ भागिले ३.०, म्हणजे ०.८० आहे. ते त्याच्या स्वतःच्याच दोन मापांतून निघत असल्याने प्रमाणक बदलले तरी बदलत नाही. दीर्घकालीन अवरोधात्मक विकाराच्या निदानासाठी २००१ पासून जागतिक मार्गदर्शनात ०.७० ही मर्यादा प्रचलित झाली. अवरोध आहे की नाही, हा निर्णय त्यामुळे प्रमाणकाच्या वादातून बराचसा मुक्त राहतो; वाढत्या वयात हे गुणोत्तर स्वाभाविकपणेच घटते, ही त्यातील स्वतंत्र अडचण आहे. अवरोध किती तीव्र आहे, फुफ्फुस आकसले आहे का, नोकरीसाठी माणूस पात्र आहे का आणि भरपाई किती द्यावी, हे निर्णय मात्र प्रमाणकावरच अवलंबून असतात.

स्थानिक प्रमाणक नेहमीच गरिबाच्या बाजूचे असते, असेही नव्हे. अमेरिकेत १९७८ च्या कापूसधूळ नियमावलीत कृष्णवर्णीय कामगारांचे अपेक्षित माप ०.८५ ने गुणण्याची तरतूद झाली. पुढे १९९९ मध्ये बाल्टिमोर येथे ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत एका उत्पादक कंपनीने कृष्णवर्णीय दावेदारांसाठी अधिक कठोर निकष लावावा, अशी मागणी केली होती. अपेक्षित माप खाली आणले की निरोगी माणूस रोगी ठरण्यापासून वाचतो. परंतु त्याच वेळी खरोखर हानी झालेला माणूसही ‘त्याच्या समूहासाठी सामान्य’ ठरून भरपाईस मुकू शकतो. गिरणी कामगाराच्या बाबतीत ही तलवार दोन्ही बाजूंनी कापते.

‘निरोगी’ कोण? : पुण्याचा संदर्भ

प्रमाणक ठरविताना सामान्यतः धूम्रपान न करणारी, श्वसनाची तक्रार नसलेली माणसे निवडतात. पाश्चात्त्य देशांत धूम्रपान न करणारा म्हणजे धुरापासून बहुतांशी दूर असलेला माणूस, असे गृहीत धरण्यास काही आधार आहे. महाराष्ट्रात तो नाही. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या अनेक स्त्रियांचे बालपण व तारुण्य चुलीपुढे गेले. सदाशिव पेठेसारख्या मध्यवर्गीय, विद्याव्यासंगी वस्तीतील वाड्यांतही चूल, शेगडी आणि पाणी तापविण्याचा बंब हे दैनंदिन जीवनाचे अंग होते. पुढे स्वयंपाकाचा गॅस आला, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता येथील वाहनांचा धूर दारापाशी आला. फुफ्फुसांची वाढ साधारणतः विशीपर्यंत पूर्ण होते. बालपणी जे कमावले गेले नाही ते पुढे भरून काढणे कठीण असते. अशा पिढीतील विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या व्यक्तीला ‘निरोगी’ समजून तिचे माप प्रमाण मानले, तर धुराने केलेली हानी प्रमाणकातच मुरते.

या संदर्भात पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासमवेत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला लेख महत्त्वाचा आहे. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी असले, तरी लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा अशा जैवइंधनाच्या धुराच्या संपर्कात येणारे सुमारे ३०० कोटी लोक आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. धूम्रपान न करणाऱ्यांतील दीर्घकालीन श्वसनविकार हा अपवाद मानता येणार नाही, हे या मांडणीतून स्पष्ट झाले. त्याचा प्रमाणकांच्या दृष्टीने अर्थ असा की, ‘धूम्रपान नाही’ एवढी एकच अट भारतात निरोगीपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

जागतिक प्रमाणके आणि भारताचे स्थान

ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ मध्ये ३ ते ९५ वर्षे वयाच्या ७४,१८७ निरोगी व्यक्तींच्या मापांवरून समीकरणे प्रसिद्ध केली. ८० टक्क्यांच्या ठोकळ मर्यादेऐवजी निरोगी समूहातील तळाच्या ५ टक्क्यांची सीमा वापरावी, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. वयानुसार माप घटते तसे त्याचे पसरणेही बदलते, हे लक्षात घेता ही सुधारणा रास्त होती. परंतु या समीकरणांतील वांशिक गटांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट नव्हता. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशनिरपेक्ष समीकरणांचा पुरस्कार केला. वंशाच्या नावाखाली विषमता झाकली जाऊ नये, हा त्यामागील हेतू स्वागतार्ह आहे. तथापि ही समीकरणे २०१२ च्याच माहितीवरून बांधलेली असल्याने भारतीय मापांचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. भारतांतर्गतही उत्तर, दक्षिण व पश्चिम विभागांची समीकरणे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे ‘भारतीय फुफ्फुस’ हे एकच एक माप मानणेही तितकेच धाडसाचे ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) श्वसनमापनातील ‘सामान्य’ ही संकल्पना विमा, लष्करभरती व वर्णाधारित प्रतवारी यांच्या सान्निध्यात वाढली. तिला निव्वळ नैसर्गिक सत्य मानता येत नाही.

२) कैवल्यधाम, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील कार्यामुळे महाराष्ट्राला या विषयात स्वतःची परंपरा आहे. आयात केलेले माप जसेच्या तसे न स्वीकारता ते तपासून पाहणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

३) स्थानिक प्रमाणक आवश्यक असले तरी पुरेसे नाही. कुपोषण, चुलीचा धूर व गिरणीची धूळ यांनी घडविलेली उणीव त्यात ‘सामान्य’ म्हणून शिरण्याचा धोका असतो.

४) व्यक्तीचे स्वतःचे पूर्वीचे माप हे कोणत्याही समूहाच्या सरासरीपेक्षा अधिक विश्वसनीय असते. धुळीच्या उद्योगांत नोकरीच्या आरंभी व त्यानंतर ठराविक काळाने चाचणी करून नोंदी कामगाराच्या हाती ठेवल्यास प्रमाणकाच्या वादाची धार बरीच बोथट होईल.

५) अहवालावर कोणते समीकरण वापरले आहे, याचा स्पष्ट उल्लेख असणे अगत्याचे आहे. त्यावाचून शेकडा प्रमाण अर्थहीन ठरते.

समारोप

हचिन्सनच्या पाण्यातील भांड्यापासून आजच्या संगणकीय यंत्रापर्यंत मोजण्याची अचूकता कितीतरी वाढली. तुलना कोणाशी करायची, हा प्रश्न मात्र यंत्राने सोडविलेला नाही आणि तो यंत्राने सुटणाराही नाही. त्याचे उत्तर देताना शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र, कामगारांचा इतिहास आणि घरगुती जीवनाचा इतिहास या साऱ्यांची साक्ष काढावी लागेल. चुलीपुढे बसलेल्या स्त्रीची व गिरणीतील कामगाराची कमी भरलेली फुंकर ही त्यांच्या देहाची मर्यादा की त्यांच्या परिस्थितीची नोंद, हे ठरविण्याची जबाबदारी एकट्या वैद्यकावर टाकून भागणार नाही.